भीमेवरची दुसरी बॅटरी

भाद्रपदात आमच्याकडे आभाळ कोरडं असतं आणि नदी भरलेली असते. बाहेरच्या माणसाला हे चटकन पटत नाही. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, धरणं तिकडे भरतात आणि पाणी इथे येतं, लख्ख उन्हात, वारा पडलेला असताना. बाजरीच्या कणसांवर चिमण्या असतात, वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत कडक होतात आणि त्याच वेळी काठावरची बाभूळ निम्मी पाण्यात गेलेली असते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहणारी भीमा वर्षातले बरेच महिने जलपर्णीखाली दिसतसुद्धा नाही. विसर्ग वाढला की ती हिरवी साय फाटते. तिचे तुकडे वाहत निघतात. एखाद्या तुकड्यावर बगळा उभा असतो, एसटीत खिडकीची जागा मिळालेल्या माणसासारखा निवांत.

काल मोबाईलवर या वर्षीचा निरोप आला. विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. शब्द दरवर्षी तेच असतात. तालुक्याचा वार्ताहर म्हणून ते मी कितीतरी वेळा जसेच्या तसे बातमीत घातले आहेत. काल ते वाचले आणि कपाटातून एक जुनी वही काढली. त्या वहीत एका वर्षीच्या भाद्रपदापासून नवरात्रापर्यंतच्या नोंदी आहेत. पाण्याच्या पातळीच्या नाहीत, एका नावेतल्या बॅटरीच्या आहेत. वेळ, फेरी, इंजिन, व्होल्ट असे चार रकाने आहेत. बहुतेक ओळींचा अर्थ आता लागतो. एका ओळीचा अजून लागलेला नाही.

माणसं एरवी बंधाऱ्यावरून अलीकडून पलीकडे जायची. पावसाळ्यात बंधाऱ्याचे पाणी अडवणारे लोखंडी ढापे काढून ठेवतात, आणि पाणी चढलं की वरचा रस्ता बुडतो. मग नाव सुरू व्हायची. अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. नावेने दहा मिनिटं, लांबच्या पुलावरून फिरून दीड तास.

नाव बबनआप्पा चालवायचे. वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं. नावेत चप्पल घालायची नाही हा त्यांचा नियम होता. तो का, हे कुणी विचारलं नाही. सगळे जण चपला हातात घेऊन चढायचे. शिक्षक, दूधवाले, शिमग्याला माहेरी निघाल्यासारखी नटलेली नवी सून, कंपनीतली माणसं, सगळ्यांचे पाय उघडे. त्यामुळे नावेत पाणी साचतंय हे आधी पायांना कळायचं. गप्पा मारणारा माणूस मधेच थांबून पायाची बोटं उचलायचा, आणि आप्पा तेवढ्यावरून पंपाचं बटण दाबायचे.

ती फायबरची नाव होती, आधीच्या एका पुरानंतर ग्रामपंचायतीला मिळालेली. मागे इंजिन. इंजिनाशेजारी लोखंडी अँगलच्या चौकटीत दोन बॅटऱ्या. पहिली इंजिन सुरू करायची. दुसरी पंपाची आणि भोंग्याची. इंजिन चालू झालं की दोन्ही चार्ज व्हायला हव्यात. पहिली व्हायची. दुसरी कधी व्हायची, कधी व्हायची नाही.

नाव एकदा बंधाऱ्याच्या खांबाला घासली होती. तळाची चीर बुजवली होती, तरी झिरपायची. तहसीलमधून कागद आला होता की पाणी उपसणारा पंप चालू स्थितीत नसेल तर प्रवासी घेऊ नयेत. तो आप्पांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बसायच्या फळीखाली खोचला. "पंप बंद तर नाव बंद," ते म्हणाले. "कागदात ल्हिलं नसतं तरी तेच."

नाव बंद पडली तर अडचण सगळ्यांची होती. संगीताची जास्त होती. पलीकडच्या वाडीत, विहाराशेजारी तिचं घर. कुरकुंभच्या औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला होती, ठेकेदाराच्या यादीवर. सकाळच्या पहिल्या फेरीने अलीकडे यायची, भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपने चौफुल्याला जायची, तिथे कंपनीची बस. सुपरवायझरने सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत ज्यांचा एकही खाडा होणार नाही त्यांची नावं कायम करायला वर जातील. हे तोंडी होतं. तिने ते लेखी असल्यासारखं धरलं होतं.

"आप्पा, तुमची बॅटरी म्हंजी माझी नोकरी हाय," ती चढताना म्हणायची. "तिला जपा."

"मग घरी घिऊन जा. उशाला ठेव."

"ठिवली आसती. पन तुमचं इंजिन एकटं कसं झोपायचं?"

माझ्याकडे एक मीटर होता, कधीकाळी सौरपंपांवर लिहिताना घेतलेला. आणि वही होती. एवढ्या दोन गोष्टींवर बॅटरीचं काम माझ्याकडे आलं. पाण्याची पातळी बघायला मी रोज नदीवर जायचोच. आप्पा मला प्रवाशात धरत नसत. "तुम्ही मीटरबरूबर," ते म्हणायचे.

सुरुवात सगळे करतात तिथूनच झाली. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार धरला होता. चुलीवरचं गरम पाणी ओतून तो काढला, टोकं घासली, वरून व्हॅसलीन लावलं. फरक पडला नाही. फ्यूज काढून बघितला, धड होता, तरी बदलला. दोन बॅटऱ्यांच्या मधे एक काळी डबी होती. इंजिनाचा करंट आधी पहिल्या बॅटरीला देऊन ती भरत आली की दुसरीकडे सोडणारी. ती डबीही बदलली. मग दुसरी बॅटरी मोटारसायकलवर दोन पायांच्या मधे धरून केडगावला नेली. दिवसभर चार्जिंगला लावली. आणताना बारा पूर्णांक सात व्होल्ट होते. तीन दिवसांनी अकरा पूर्णांक चार.

तो वास अजून आठवतो. चार्जिंगच्या दुकानातला आंबट, नाकात टोचणारा वास. परतीच्या वाटेवर उसाच्या पाल्याचा वास त्याच्यात मिसळायचा. गुऱ्हाळं अजून पेटलेली नव्हती, त्यांची धुराडी कोरी उभी होती. घाटावर गाळाचा वास. नदीला वरून शहराचा फेस यायचा आणि तो काठाच्या गवतात साबणासारखा अडकून राहायचा. त्या महिन्यातलं सगळं असं एकमेकांत मिसळलेलं आहे. त्यातलं काय कशामुळे होतं, ते वेगळं करता येत नाही.

केडगावचा दत्तू ट्रॅक्टरचं वायरिंग करायचा. या नावेचं वायरिंग त्यानेच केलं होतं. आधीच्या नावेचंही. त्याच्या हाताला यश आहे असं दोन्ही काठांवर बोललं जायचं. तो आला, चपला काढून नावेत उतरला, इंजिन चालू करायला लावलं, मीटरची एक तार दुसऱ्या बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी इंजिनाला टेकवली आणि आकडा माझ्याकडे वळवला.

"तेरा नऊ. चार्जिंग येतंय. बॅटरी बाद हाय."

मी माझा मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला. बारा पूर्णांक दोन.

"तुमचा मीटर गंडलाय," दत्तू म्हणाला.

आम्ही मीटर अदलाबदल केले. त्याने माझ्या मीटरने मोजलं, तेरा नऊ. मी त्याच्या मीटरने मोजलं, बारा दोन. आप्पा इंजिनावर हात ठेवून दोघांकडे बघत होते.

"म्हंजी मीटर बराबर हायती," ते म्हणाले. "मानसं गंडल्यात."

दत्तूने शेवटी एका ट्रॅक्टरची चांगली बॅटरी आणून लावली. तीही चार दिवसांत उतरली. बातमीच्या धंद्यात दोन सूत्रं परस्परविरोधी सांगत असतील तर त्यातलं एक खोटं बोलतंय असं धरायची सवय लागते. इथे दोन्ही आकडे डोळ्यांनी बघितले होते. तेव्हा मी वही घेतली आणि रोजचे आकडे लिहू लागलो. न समजलेल्या गोष्टीचे आकडे लिहिले की ती निम्मी समजली असं वाटतं.

दहा दिवसांत एक गोष्ट दिसली. सकाळच्या दोन फेऱ्यांना आकडा चढायचा, तेरा पाच, तेरा सहा. अकरा वाजल्यानंतर पुन्हा बारा. रोज असंच. आता याला कारण पाहिजे होतं, आणि कारणं देणाऱ्यांना तोटा नव्हता. आप्पांचं म्हणणं, दुपारी इंजिन तापतं. शाळेचे गुरुजी म्हणाले, सकाळी हवा दमट असते. शिरूरच्या माणसांचं म्हणणं वेगळं होतं.

"सकाळी नाव आमच्याकडनं भरून येती. तवा चार्ज व्हती. शिरूरचं पानीच तसं हाय."

"पानी एकच हाय की," दौंडचा एक जण म्हणाला.

"एकच हाय, पन तुमच्या काठाला आल्यावर थकतंय."

पलीकडचे भिकामामा रोज पहिल्या फेरीने दुधाचे तीन कॅन घेऊन यायचे. अलीकडच्या रस्त्याला डेअरीचा टेम्पो थांबायचा. दूध घालून दहाच्या फेरीने ते रिकामे कॅन घेऊन परत. कॅन ते नेहमी मागे ठेवायचे, इंजिन आणि बॅटरीची चौकट यांच्या मधल्या खाचेत. तिथे कॅन हलत नाहीत म्हणून. त्यांचंही मत होतं. "नजर लागली हाय. लिंबू बांधा." आप्पांनी लिंबू बांधलं. त्या दिवशी सकाळी तेरा सहा आले. लिंबू राहिलं. दुपारी बारा दोन. लिंबू तरी राहिलं.

इकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला असतो. त्या दिवशी नदीचा काठ सगळा गुरांनी भरतो. बैल धुवायला आणतात, पाण्याला शेणाचा आणि ओल्या कातड्याचा वास येतो, शिंगांना हिंगूळ लागतो. आप्पांकडे बैल नव्हते. पण शेजाऱ्याच्या डब्यात उरलेला लाल रंग त्यांनी मागून घेतला आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसच्या तारा टोकापासून टोकापर्यंत रंगवल्या. "दत्तू म्हनला सगळा करंट लाल तारंतनं जातो. मग तिचाच पोळा." त्या तारेवर आम्ही सगळ्यांनी महिनाभर डोळे लावले होते. तिचा प्रत्येक सांधा माझ्या ओळखीचा झाला होता. काळ्या तारेला रंग लागला नाही. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

ती न समजलेली ओळ पोळ्याच्या दिवसाची आहे. दुपारी साडेतीन, दौंडकडून शिरूरकडे, तेरा पूर्णांक पाच. दुपारी, भर उन्हात. त्या एका आकड्याने तोवरची सगळी कारणं एकदम खोटी पडली. इंजिन तापलेलं होतं, हवा कोरडी होती, सकाळ कधीच उलटली होती. मी ओळीखाली रेघ मारली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तसं प्रश्नचिन्ह छापून येणाऱ्या मजकुरात मी कधी वापरलेलं नाही.

पोळ्यानंतर पलीकडच्या वाडीतच दूध संकलन सुरू झालं. भिकामामांना नदी ओलांडायची गरज उरली नाही. ते घाटावर यायचे बंद झाले, आणि त्यांच्या मागोमाग सकाळचे आकडेही पडले. तेरा सहाच्या जागी बारा एक, अकरा नऊ. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या आणि त्या शेजारीशेजारी ठेवून मी बघितल्या नाहीत. एक गोष्ट वहीत होती. दुसरी गावातली बातमी होती, तीही दोन ओळींची, आणि ती मीच पाठवली होती.

नवरात्राच्या सातव्या-आठव्या दिवशी विसर्ग पुन्हा वाढला. सकाळी ऊन स्वच्छ होतं. झेंडू फुलले होते. आम्ही रिकामी नाव घेऊन पलीकडे निघालो, आप्पा आणि मी. पाण्याला ओढ होती, जलपर्णीचे गठ्ठे नावेच्या अंगाला घासत होते. निम्म्या वाटेत पाय ओले झाले. आप्पांनी बटण दाबलं. पंपाने घशातल्या घशात एकदा आवाज केला आणि थांबला. उरलेली वाट मी तेलाच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसत होतो.

पलीकडच्या घाटावर दहा-अकरा माणसं चपला हातात घेऊन उभी होती. आप्पांनी नाव चिखलात लावली आणि इंजिन बंद केलं.

"आज न्हाई," ते म्हणाले.

थोडी कुरकुर झाली. गुरुजी मोटारसायकल काढायला घरी परतले. लांबच्या पुलाकडे एक टेम्पो निघाला होता, त्यात बाकीचे चढले. संगीता चढली नाही. दीड तासाच्या फेऱ्याने चौफुल्याची बसही चुकणार होती आणि कंपनीच्या फाटकाची वेळही. ती काठावरच्या दगडावर बसली.

"आप्पा, उपसत जाऊ. मी उपसते."

"पान्याला ओढ बघितली का? मधी इंजिन बंद पडलं आन् पंप बी बंद, तर मी तुझ्या आयला काय सांगू?"

"आन् मी आयला काय सांगू, खाडा झाला म्हनून?"

आप्पांनी फळीखालची प्लास्टिकची पिशवी काढली, कागद न काढताच तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खोचली. मला त्या दोघांमध्ये कुणाची बाजू बरोबर हे तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

मग तिने माझ्याकडे हात केला. "ती वही द्या बरं."

तिने पानं सावकाश उलटली. तर्जनी ओळीखालून फिरवत, वाचायची नाही तर तपासायची असल्यासारखी.

"ह्याच्यात माल न्हाई ल्हिला," ती म्हणाली.

"कसला माल?"

"नावंत काय काय व्हतं ते. आमच्यात लाईन सुरू करायच्या आदी लाईनीवर काय काय पडलंय ते सगळं ल्ह्यावं लागतं. मागच्या बॅचचं एक झाकन ऱ्हायलं तरी लाईन सुरू करू देत न्हाईत. तुम्ही इंजिन ल्हिलं, टाइम ल्हिला. नाव काय रिकामी चालती व्हय?"

ती पुन्हा मागे गेली, पोळ्याच्या आधीच्या पानांवर.

"भिकामामांचे कॅन आसायचे तवा पंपाचा आवाज जाड यायचा," ती म्हणाली. "मी रोज तिथंच बसायची. मामा गेले आन् आवाज बारीक झाला. मला वाटलं माझ्याच कानाचं काय तरी."

"कॅनातनं दूध येतं," आप्पा म्हणाले. "करंट येत न्हाई."

"आनून तर बघू."

भिकामामांचं घर घाटापासून हाकेच्या अंतरावर. ती गेली आणि स्टीलचा एक रिकामा कॅन कमरेवर घेऊन आली. मागून भिकामामा आले, दातात काडी धरून. आप्पांनी इंजिन सुरू केलं. तिने कॅन नावेत मधोमध ठेवला. मीटरवर बारा शून्य.

"झालं समाधान?" आप्पा.

"तिथं कुठं ठिवती," भिकामामा काठावरून म्हणाले. "माझी जागा ती न्हाई. मागं सरकव. खाचंत."

तिने कॅन मागे ओढला आणि इंजिनाची लोखंडी बैठक आणि बॅटरीची चौकट यांच्या मधे दाबून बसवला. आकडा हलला. बारा चार, तेरा एक, तेरा सहा. पंपाने गळा साफ केल्यासारखा आवाज केला आणि नावेच्या कडेवरून गढूळ पाण्याची धार बाहेर पडायला लागली.

कुणी ओरडलं वगैरे नाही. आप्पा मीटरवर वाकले.

"काढ," ते म्हणाले.

तिने कॅन उचलला. बारा शून्य. धार तुटली.

"ठेव."

तेरा सहा.

"काढ." आणि मग, तिसऱ्यांदा, हळू आवाजात, "ठेव."

मी मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसवरून काढून इंजिनाला टेकवली, दत्तू टेकवायचा तशी. दोन्ही जागी आता एकच आकडा येत होता. महिनाभर दत्तू आणि मी एकच बॅटरी मोजतोय असं दोघांनाही वाटत होतं. तो इंजिनापासून मोजत होता, मी बॅटरीपासून, आणि त्या दोहोंच्या मधे काही जोडलेलंच नव्हतं. दुसऱ्या बॅटरीची मायनसची तार त्याने चौकटीच्या बोल्टला दिली होती. ट्रॅक्टरला तसंच देतात. ट्रॅक्टर सगळा लोखंडाचा, कुठेही बोल्ट आवळा, मायनस इंजिनापर्यंत पोचतो. आधीची होडीही लोखंडी होती, तिच्यात हेच वायरिंग वर्षानुवर्षं चाललं. ही नाव फायबरची. चौकट फायबरवर बसलेली, इंजिन फायबरवर बसलेलं. करंट लाल तारेने बॅटरीपर्यंत यायचा, पण त्याला परत जायला रस्ता नव्हता. तो रस्ता रोज सकाळी भिकामामा आणून ठेवायचे आणि दहा वाजता घेऊन जायचे.

आप्पांनी घड्याळ लावून पंप दहा मिनिटं चालवला. मग तळाला हात फिरवला, तो कोरडा आहे याची खात्री केली.

"बस," ते तिला म्हणाले. "चप्पल हातात."

मधल्या ओढीत ती कॅनच्या गळ्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, म्हातारं माणूस धरावं तशी. एक लाट आडवी आली, कॅन जरासा सरकला, पंपाचा आवाज बारीक झाला. तिने तो परत दाबला. आवाज जाड झाला. दौंडचा काठ लागेपर्यंत आम्ही तिघं फक्त तो आवाज ऐकत होतो.

चौफुल्याची बस गेलेली होती. ती दुसऱ्या जीपने गेली. कंपनीच्या फाटकावर तिची नोंद उशिरा आली म्हणून झाली. उशीर म्हणजे खाडा धरतात का, हे तिने सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, बघू. ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, वरती विचार. वरती म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

दत्तू दुसऱ्या दिवशी आला. हातभर लांबीची एक जाड काळी तार घेऊन. दुसऱ्या बॅटरीच्या मायनसपासून पहिल्या बॅटरीच्या मायनसपर्यंत त्याने ती जोडली. काम पाच मिनिटांचं होतं. मग तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला, नावेच्या पांढऱ्या अंगावर बोटाने टकटक करत.

"तीस वर्सं झाली," तो म्हणाला, "मायनस बॉडीला देतोय."

"दे की," आप्पा म्हणाले. "पन हिला बॉडी हाय कुठं? नुसतं अंग हाय."

दत्तू हसला नाही. त्याला वाईट वाटलं होतं असंही नाही. तो गोंधळला होता. आपला हात इतकी वर्षं बरोबर होता, मग या एका जागी चूक कसा, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने दोनदा मोजलं. आता दोन्ही पद्धतींनी आकडा सारखा येत होता. तरी जाताना तो वळून बघत होता.

त्यानंतर त्या मोसमात बॅटरी उतरली नाही. संगीताचा खाडाही झाला नाही. दिवाळीनंतर कंपनीची यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. चार महिन्यांनी दुसरी यादी लागली, तिच्यात होतं. कारण तेव्हाही कुणी सांगितलं नाही. पहिल्या वेळी तो उशीर आड आला का, आणि दुसऱ्या वेळी तोच कसा माफ झाला, की त्याचा कशाशीच संबंध नव्हता? मी चौकशी केली. चौकशी करणं हे माझं काम होतं. तीन माणसांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्ही ठाम होती.

"तिथं बी कुठं तरी तार न्हाई जोडलेली," ती म्हणाली. "मधी कुनी तरी कॅन ठिवला आसंल. आन् काय."

आता पूल झाला आहे. आप्पांची नाव दौंडच्या काठावर पालथी पडून आहे, तिच्या पाठीवर कोंबड्या बसतात. आप्पा गेले त्याला दोन पावसाळे झाले. तार जोडल्यानंतरही त्यांनी तो रिकामा कॅन खाचेतून काढू दिला नव्हता. भिकामामा परत मागायला आले तेव्हा म्हणाले होते, "तारंचं मला म्हाईत न्हाई. ह्याचं म्हाईत हाय." तो कॅन अजून नावेखाली असावा. मी वाकून बघितलेलं नाही.

आज सकाळी पुलावर संगीता भेटली. स्कूटर कडेला लावून पाणी बघत होती. पायात बूट होते. ती आता पॅकिंगच्या लाईनीवर नोंदी तपासते. वही माझ्या पिशवीतच होती. पोळ्याच्या दिवसाची ती ओळ मी तिला दाखवली.

"ह्या फेरीला नावेत काय होतं? आठवतं?"

तिने ओळ वाचली. दुपारी ती कंपनीत असायची, तिला आठवण्याचा प्रश्न नव्हता. तरी तिने विचार केला. पोळ्याचा दिवस. कुणाची घुंगरमाळ असेल, नांगराचा फाळ असेल, हंडा असेल. कुणी तरी ती वस्तू त्या खाचेत टेकवली असेल आणि पलीकडे उतरताना उचलून नेली असेल. त्या माणसाला कधी कळलं नसेल.

"न्हाई सांगता येत," ती म्हणाली.

"मग खोडून टाकतो. कारण न कळलेली नोंद ठेवून काय करायचं?"

"खोडायचं न्हाई," ती म्हणाली, आणि आवाज एकदम कंपनीतला झाला. "आमच्यात न कळलेलं खोडत न्हाईत. तसंच ठिवायचं आन् बाजूला सही करायची. बघितलं व्हतं म्हनून."

तिने माझ्या खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. पुलाच्या कठड्यावर वही ठेवून मी त्या ओळीपुढे, प्रश्नचिन्हाशेजारी, सही केली. खालून जलपर्णीचा एक मोठा तुकडा वाहत शिरूरच्या काठाकडे सरकत होता.

ती गेल्यावर मी नवरात्रातलं ते पान काढलं. त्या सकाळची ओळ माझ्याच अक्षरात आहे. आठ वाजून दहा मिनिटं, शिरूर ते दौंड, इंजिन चालू, तेरा पूर्णांक सहा. आणि उजवीकडे, जिथे रकाना आखलेला नाही तिथे, जीपची वाट बघताना तिने स्वतः लिहिलेलं आहे, थोडं तिरकं, ओल्या बोटांनी पसरलेलं. माल, रिकामा कॅन एक. प्रवासी एक.